आयटेनला पळायला जाताय? आधी फेरिटिन बघून घ्या

केनियाहून आल्यापासून रनिंग ग्रुपमधलं कोणी ना कोणी विचारतंय, की मुंबई मॅरेथॉनच्या आधी आठवडाभर आयटेनला, म्हणजे तिथल्या उंचावरच्या धावपटूंच्या गावाला, जाऊन आलं तर टायमिंग सुधारेल का? माझं उत्तर, नाही. फिरायला, बघायला, शिकायला जा, पण आठवड्यात रक्त बदलत नाही.

आयटेन साधारण २४०० मीटरवर आहे, रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावर. हवेत ऑक्सिजन इथल्यासारखाच २१ टक्के, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट, म्हणून प्रत्येक श्वासात कमी मिळतो. मग किडनी इपीओ, म्हणजे लाल पेशी बनवायला लावणारं हार्मोन, जास्त सोडते, ते एक-दोन दिवसातच वाढतं, पण त्याच्या जोरावर नवीन लाल पेशी बनून हिमोग्लोबिन वाढायला तीन-चार आठवडे लागतात. आणि त्यासाठी अंगात लोह हवं. आपल्याकडे, त्यातही शाकाहारी बायकांमधे, फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, कमी असणं अगदी कॉमन आहे, आणि ते कमी असेल तर एवढा खर्च करून फक्त धाप लागून परत याल. म्हणून निघायच्या दीड-दोन महिने आधी टेस्ट करा, कमी आलं तर डॉक्टरांना विचारूनच गोळ्या, मनाने नको.

कागदपत्रं: ईटीए, म्हणजे केनियात शिरायची ऑनलाइन परवानगी, सरकारी वेबसाइटवरूनच काढा, एजंटची गरज नाही. यलो फीव्हरची लस किमान १० दिवस आधी मान्यताप्राप्त केंद्रात घ्या आणि ते पिवळं कार्ड परतीच्या प्रवासातही हाताशी ठेवा, कारण भारतात उतरल्यावर ते नसेल तर थेट क्वारंटाइन. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांशी बोलून घ्या, विशेषतः खाली केरियो व्हॅलीत किंवा सफारीला जाणार असाल तर. मुंबई-नैरोबी विमान, तिथून एल्डोरेटचं छोटं विमान, पुढे टॅक्सीने तासाभरात आयटेन. नैरोबीहून रोडनेही जाता येतं पण अख्खा दिवस जातो.

पहिले चार-पाच दिवस फक्त हळू पळायचं आणि झोपायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि नेमकं हेच कोणी पाळत नाही. मी पल्स ऑक्सिमीटर नेला होता, पहिल्या सकाळी ९१ दाखवत होता, नंतर हळूहळू ९४ पर्यंत आला. जिन्याने वर गेलं तरी छाती धडधडते, झोप मोडते, तोंड कोरडं पडतं, तहान नसली तरी पाणी पीत राहा. पेस, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं, ते बघायचंच नाही, पुण्यात आरामात सहाच्या पेसने पळणाऱ्याला तिथे सात लागला तर ते बरोबरच आहे. डोकं खूप दुखलं, उलटी झाली तर त्या दिवशी बूट घालायचेच नाहीत.

आणि हळू पळायचं म्हणजे काय ते तिथल्या लोकांकडून शिकावं. सकाळी सहाला अंधारातच ग्रुप निघतो, दोन तास दहाच्या आसपास फुल मॅरेथॉन पळणारी माणसं सुरुवातीचे दोन किलोमीटर इतकी सावकाश जातात की आपण सहज बरोबर राहतो, गप्पा चाललेल्या असतात, मग कधी वेग वाढला कळत नाही आणि ग्रुप पुढे निघून गेलेला असतो. गुरुवारचा फार्टलेक, म्हणजे आलटून पालटून जोरात आणि हळू पळणं, तर बघाच. लाल मातीच्या रस्त्यावर शेकडो जण गोळा होतात, कोणीतरी पुढे उभा राहून दोन मिनिटं जोरात एक मिनिट हळू असं ओरडून सांगतो, मग सगळ्यांची घड्याळं एकदमच बीप करतात आणि पायांचा नुसता धडधडाट. आपण मागे राहून पळायचं, मधे घुसायचं नाही. ट्रॅक वर्कआउटसाठी बरेच जण खाली तांबाचला उतरतात, तिथे उंची कमी म्हणून वेगात पळता येतं.

जेवणाची काळजी नको. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत सुकुमा विकी ही पालेभाजी, एनडेंगू म्हणजे आपले हिरवे मूग, आणि चपाती तर चपातीच म्हणतात. चहा दुधाचा, भरपूर साखरेचा, मला दुपारच्या रनआधी तोच लागायचा. स्वेटर न्या, सकाळी थंडी असते आणि दुपारी विषुववृत्ताचं ऊन भाजतं, सनस्क्रीन विसरू नका. एप्रिल-मेच्या पावसात लाल मातीचा नुसता चिखल होतो, शक्यतो टाळा. पैशांसाठी एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे देणं, लोकल सिम घेतल्या घेतल्या सुरू करून घ्या.

रेस कधी ठेवायची यावर कोचेसमधे एकमत नाही. खाली उतरल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसात, नाहीतर दोन-तीन आठवड्यांनी, असं बरेच जण सांगतात. मला दुसरं जास्त पटलं, कारण मुंबईची दमट हवा अंगवळणी पडायलाही वेळ हवाच.

ज्यांना एवढी सुट्टी नाही त्यांच्यासाठी ऊटी आहे, २२४० मीटर, जवळपास १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकएवढीच उंची. आपल्या बीडच्या अविनाश साबळेने २०२२ ला कॉमनवेल्थमधे स्टीपलचेसला, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, ८:११.२० मिनिटांत सिल्व्हर काढलं, त्याआधी तो ट्रेनिंगला अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्सला होता आणि ते गाव तर ऊटीपेक्षाही खाली आहे. महाबळेश्वर मात्र यात धरू नका, तिथली उंची रक्ताच्या हिशोबाने कमी पडते. आणि ते तोंडाला बांधायचे ट्रेनिंग मास्क घेऊ नका, त्यांनी श्वास ओढायला जड जातो, हवेतला ऑक्सिजन किंवा दाब काही कमी होत नाही. त्या पैशात फेरिटिनची टेस्ट दोनदा होईल.