आगरातली वानरं आणि सड्यावरचं कुंपण

कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून गुहागर. समुद्र, व्याडेश्वर, मोदक यांवर पुष्कळ लिहून झालंय, ते सोडतो.

गुहागरात रस्त्याला घर आणि घरामागे पुळणीपर्यंत चिंचोळं आगर. वर नारळ, खाली पोफळी, पोफळींवर चढवलेली मिरी, अधेमधे जायफळ. उन्हं वर यायच्या आत वानरांची टोळी आली. वानर शहाळं तोडतं, दाताने सोलून भोक पाडतं, पाणी पिऊन टाकून देतं. पण खरं नुकसान पोयीवरच्या, म्हणजे नारळाच्या फुलोऱ्यावरच्या, कोवळ्या बोंडांचं. ती नुसतीच तोडून फेकली जातात, आणि बोंडाचा नारळ व्हायला जवळजवळ वर्ष लागतं. म्हणजे तोटा पुढच्या वर्षीच्या पाडणीत दिसणार. बागायतदार काका बेचकी घेऊन फिरत होते, खडा मुद्दाम झावळीवर मारत होते. "लागू नये त्यांना, नुसती पळावीत," म्हणाले.

दुपारी ते वर सड्यावर, जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, घेऊन गेले. तिथे काजूची कलमं, थोडं सुरण आणि रानडुकरांसाठी झटका मशीन: सोलर पॅनल, १२ व्होल्टची बॅटरी, साधारण सेकंदाला एक ठोका. दाब हजारो व्होल्टचा, पण ठोका क्षणाचा, म्हणून जनावर दचकतं, मरत नाही. सगळ्यात खालची तार जमिनीपासून वीतभर, दुसरी गुडघ्याच्या खाली. खालची तार वर गेली की डुक्कर मुसंडी मारून आत शिरलंच.

काकांनी तारेला टेस्टर लावला. आकडा निम्म्यावर उतरला होता. त्यांनी मशीनकडे बघितलंसुद्धा नाही, कळशी उचलली आणि अर्थिंगच्या पायपांच्या बुडाशी ओतली. जांभा सुकला की जमिनीतून वीज परतत नाही. मशीन टिकटिकत राहतं, डुकराला काही लागत नाही. म्हणून पायप तीन, एकमेकांपासून हातभर नव्हे, चांगले सहा-सात फूट लांब, मीठ-कोळसा घालून पुरलेले, आणि उन्हाळाभर पाणी. पावसाळ्यात दुखणं उलटं: गवत तारेला टेकतं, दाब तिथेच जिरतो. आठवड्याला बेणणी, म्हणजे गवत काढणं, चुकलं की कुंपण असून नसल्यासारखं. खाऱ्या वाऱ्याने जोड गंजतात, त्यांना ग्रीस लावावं लागतं. कुंपणाला अनुदान मिळतं म्हणून आपण समाधान मानतो, ही रोजची मजुरी कुणी धरतच नाही.

काहीजण मीटरवरून थेट तारेत वीज सोडतात. त्यात माणूसही मरतो, गुरंही, आणि तो गुन्हा आहे. डुकरासाठी लावलेल्या क्लचवायरच्या फासकीत बिबटे अडकतात. काकांच्या कळशीची किंमत मला यामुळेच मोठी वाटते.

वानरांना मात्र हे कुंपण अडवत नाही. बाहेरच्या आंब्याच्या फांदीवरून ती आत उडी घेतात. कुंपणालगत १५-२० फूट मोकळं ठेवलं तर थोडा उपयोग, पण गुहागरच्या आगरात शेजाऱ्याची पोफळच हातभर अंतरावर, मोकळं ठेवणार कुठे? नुकसानीचा अर्ज ३ दिवसांत द्यायचा, मग पंचनामा. रोज दहा-बारा नारळ जातात त्याचा रोज पंचनामा कोण करणार? म्हणून गुहागर तालुक्यातल्याच आबलोलीकडची एसके-४ या वाणाची हळद लावणारे वाढलेत. हळदीला वानर सहसा शिवत नाही.

आणि संध्याकाळी किनाऱ्याच्या पार्किंगमध्ये बघतो तर मुंबईच्या गाडीतली मंडळी तीच टोळी भोवती जमवून केळी वाटत होती, वर व्हिडिओ. माझं डोकंच फिरलं. माणसाच्या हातचं खायला शिकलेलं वानर बेचकीला भीत नाही, ते थेट पडवीत येतं. मी जाऊन सांगितलं, तर "एका केळ्याने काय होतं हो?" त्या केळ्याचा भुर्दंड दोनशे पावलांवरच्या आगराला पडतो. कोकणात येताय तर गाडीतलं खाणं गाडीतच ठेवा, आणि नारळ आगरातूनच विकत घ्या, किनाऱ्यावर घासाघीस न करता.