सरकारने खासगी शाळेची फी का भरावी?

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत मिळणाऱ्या मोफत प्रवेशाच्या दिवसांत मी पालकांना ऑनलाइन अर्ज भरून देतो, म्हणून हा प्रश्न मला हमखास विचारला जातो: ज्या पैशातून जिल्हा परिषदेच्या शाळा सुधारता येतील, तो खासगी इंग्रजी शाळांच्या पदरात का टाकायचा? विचारणारे बहुधा शिक्षक असतात, आणि पट घसरला की पदे जातात हे रोज पाहणाऱ्यांची तळमळ मी खोटी मानत नाही.

तथापि, खासगी संस्थांना सरकारी पैसा देणे आपल्याकडे मुळीच नवे नाही. अनुदानित शाळांतील शिक्षकांचे पगार वर्षानुवर्षे सरकारच देत आले आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने वेगळे केले ते इतकेच, की विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातील किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या, आणि सरकारने आपल्या शाळेतील दर मुलामागचा खर्च किंवा त्या शाळेची फी, यांपैकी कमी असेल ती रक्कम भरून द्यायची. महाराष्ट्रात दर मुलामागचा हा खर्च वर्षाला १७,६७० रुपये धरला जात आला आहे. कागदावर सरकारचा तोटा दिसत नाही, पण हिशेब तेवढ्यावर संपत नाही, कारण वर्गातून दोन मुले गेली म्हणून वर्गखोली आणि गुरुजींचा पगार यांवरचा खर्च कमी होत नाही. शिक्षकांच्या आक्षेपातला हा भाग मला बिनतोड वाटतो.

तरीही मी या योजनेच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण सोडत, म्हणजे चिठ्ठ्या काढल्यासारखी होणारी मुलांची निवड, हे आहे. पैसा मुलामागे जावा, पण मूल कोणते घ्यायचे हे शाळेने ठरवू नये. चिलीने १९८१ मध्ये मुलामागे अनुदान देण्याची पद्धत देशभर आणली. पुढे तेथील खासगी शाळांना मुले निवडण्याची आणि वर फी घेण्याची मोकळीक राहिली, तेव्हा मुले ऐपतीप्रमाणे वेगवेगळ्या शाळांत विभागली गेली, आणि २०१५ मध्ये कायदा करून ती मोकळीक काढून घेण्यास सुरुवात करावी लागली. आपल्या कायद्यात प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास पहिल्यापासूनच मनाई आहे.

अर्थात शासनालाच ही तरतूद जड झाली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट देणारी अधिसूचना निघाली. त्या वर्षी अर्जात नकाशावर घराचा फुगा टेकवला की शेजारची पालिकेची शाळा पुढे यायची, आणि पालक विचारायचे, “दादा, इथे तर फॉर्म न भरताही नाव घालता येतं ना?” त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने अधिसूचनेला स्थगिती दिली, जुलैमध्ये ती रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. शासनाला खर्च वाचवायचा होता असे मला वाटते. शाळांची प्रतिपूर्ती, म्हणजे सरकारने भरून द्यायची ही रक्कम, थकते, ती वेळेवर मिळाली असती तर संस्थाचालकांच्या तक्रारीतली अर्धी हवा निघून गेली असती.

फीच्या पलीकडचे खर्च मात्र पालकांच्या गळ्यात पडतात. गणवेश, स्नेहसंमेलन, सहल, बस अशा एकेका नावाने चिठ्ठी घरी येते, आणि पुस्तके-गणवेश मोफत मिळावेत असे नियम सांगत असूनही आई-वडील मुलाला वर्गात कमीपणा नको म्हणून निमूटपणे पैसे भरतात. त्याहून अवघड वळण आठवीनंतर येते. कायद्याचे संरक्षण तेथे संपते आणि नववीला पूर्ण फी मागितली जाते. ज्या घराचे उत्पन्न लाखाच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला जोडून प्रवेश घेतला होता, त्या घराला ती झेपणे कठीणच. म्हणून अर्ज भरतानाच मी पालकांना, नववीत मूल कोठे घालणार आणि जवळच्या अनुदानित हायस्कुलात त्या वर्गात नव्या मुलांना घेतात का, हे आधी विचारून यायला सांगतो.