हेडफोनमध्ये दणदणीत, क्लबमध्ये गायब

मराठी रॅप आणि जर्सी क्लब हे अमेरिकेतलं वेगवान नाचाचं संगीत एकत्र करणारा पोरांचा एक ग्रुप. कार्यक्रम कोरेगाव पार्कातल्या क्लबात, साउंड माझ्याकडे. साउंडचेकला किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, छातीवर बसत होती, पण तिच्या मागचा ८०८ चा (ड्रम मशीनचा खोल, लांबणारा) बेस कुठेच नाही.

"दादा, हेडफोनला तर सगळं हादरतं," प्रोड्युसर म्हणाला. खरंच होतं ते.

मिक्सरवर डावा चॅनेल एकटा ऐकला, बेस भरपूर. उजवा एकटा, तरी भरपूर. दोन्ही एकत्र केले की संपला. बेस मोठा वाटावा म्हणून त्यावर स्टिरिओ वायडनर (आवाज डावी-उजवीकडे पसरवणारा इफेक्ट) लावलेला होता, आणि त्याने एका बाजूची फेज, म्हणजे लाटेची वर-खाली दिशा, उलटी केली होती. हेडफोनमध्ये प्रत्येक कानाला आपापला चॅनेल मिळतो, म्हणून कळत नाही. क्लबचे सब, म्हणजे फक्त बेस वाजवणारे मोठे स्पीकर, बहुतेक मोनो (एकाच चॅनेलवर) चालतात. तिथे दोन्ही बाजूंची बेरीज होते आणि उलट्या लाटा एकमेकींना खातात. किक मधोमध होती, म्हणून वाचली.

बेसचा ट्रॅक सुटा असता तर काम दोन मिनिटांचं होतं. पण पोरांकडे एकच स्टिरिओ फाइल. दुसरा रस्ता म्हणजे सबना मिक्सरच्या वेगळ्या आउटपुटमधून (ऑक्स) फक्त डावा चॅनेल द्यायचा आणि वरच्या स्पीकरना (टॉप) स्टिरिओ तसाच ठेवायचा. त्यासाठी स्पीकरना आवाज वाटून देणारा प्रोसेसर उघडावा लागतो. रॅकला कुलूप, किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर फोन उचलेना. महागाचे सब लावायचे आणि चालवणाऱ्याचा हात तिथे पोचू द्यायचा नाही, हा प्रकार पुण्यात फार बोकाळलाय.

शेवटी उजवा चॅनेल बंद केला आणि डावा मधोमध घेतला. बेस आला, भिंती बोलू लागल्या. पण ट्रॅकमध्ये उजवीकडे ठेवलेल्या रॅपमधल्या सगळ्या हाका गेल्या. त्या दुसऱ्या एमसीने (रॅपरने) माइकवर दिल्या. तो माइकची जाळी मुठीत धरत होता. जाळी झाकली की माइक सगळीकडचं ओढतो आणि मॉनिटर (गाणाऱ्यासमोरचा स्पीकर) शिट्टी मारतो. त्याला मूठ खाली दांड्यावर घ्यायला लावली, आवाजाला १२० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचं सगळं काढणारा फिल्टर) दिला, ३०० च्या आसपास थोडं कापलं. तेव्हा कुठे शब्द बेसच्या वर आले. पब्लिक खूश होतं. पण पोरांनी विचार करून केलेली डावी-उजवी मांडणी माझ्या एका बटणाने पुसली गेली, ते काही डोक्यातून जात नाही.

नंतर त्यांचा प्रोजेक्ट मागवून पाहिला. बेसवरचा वायडनर काढला, १२० हर्ट्झच्या खाली सगळं मोनो केलं आणि बेस परतला. दुसरी खोट साइडचेनमध्ये निघाली. किक वाजली की बेस दबतो, पण परत वर यायला त्याला ३०० मिलिसेकंद दिलेले. सरळ चार ठोक्यांच्या हाउसला ते चालतं. जर्सी क्लबच्या बारमध्ये, म्हणजे चार ठोक्यांच्या एका आवर्तनात, पाच किक असतात: पहिल्या तीन किक ठोक्यांवर, उरलेल्या दोन किक ठोक्यांच्या मधल्या जागेत. १४० बीपीएमला (मिनिटाला १४० ठोके) शेवटच्या किकपासून पुढच्या बारच्या पहिल्या किकपर्यंत २१४ मिलिसेकंदच मिळतात. बेस वर येण्याआधीच पुन्हा दबतो. परत वर यायचा हा वेळ, म्हणजे रिलीज, १५० वर आणला तेव्हा बार भरला.

असं काही बनवत असाल तर क्लबात येण्याआधी फोनच्या ऍक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा आणि हेडफोन लावून ऐका. बेस बारीक झाला तर वायडनर काढा. आणि किक, बेस, बाकी संगीत, हाका अशा चार फाइली वेगवेगळ्या आणा.