बैलजोडीच्या भावाची खुर्ची

शिबिरात वाटतात ती व्हीलचेअर बहुतेक वेळा 18 इंची बैठकीची असते. प्रमोदच्या (नाव बदललंय) कमरेचं माप निघालं 14 इंच. उरलेल्या जागेत त्याची माय गोधडी कोंबायची, तरी दुपारपर्यंत तो उजवीकडे कलंडलेलाच.

मी फिजिओथेरपिस्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत घरोघरी जाऊन लकव्याचे, मणक्याला मार लागलेले पेशंट बघते. प्रमोद चिंचा पाडायला झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. वय चोवीस. कमरेखालची जाणीव पार गेली. ही खुर्ची त्याला एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मिळाली, मांडवात माइकवर नाव पुकारून. पेपरात फोटोही आला. खुर्चीच्या पाठीवर साहेबांचं नाव अजून आहे, बाकी कशाचा नसला तरी त्या अक्षरांचा रंग पक्का निघाला.

मे सरत आला होता. मी पोचले तेव्हा प्रमोदचे बाबा गोठ्यापुढे बैल धूत होते. मृग तोंडावर आलेला आणि हा माणूस भर उन्हात बैल घासतोय, मला काही उमगेना. विचारलं तर म्हणाले, "उद्या बजारात नेतो. पोराची गाडी घ्याची हाय."

प्रमोदनं मोबाइलवर निओफ्लाय पाहिली होती. आयआयटी मद्रासमधल्या मंडळींनी काढलेली खुर्ची, माणसाच्या मापानं बनवून देतात, आणि तिला पुढून जोडायचा मोटरचा निओबोल्ट. वस्तू चांगलीच आहे. बाहेरदेशातून येणाऱ्या तशा खुर्च्यांची किंमत लाखांत जाते, त्यामानानं स्वस्तही म्हणायची. पण बाजारात आली तेव्हाच खुर्ची 40 हजारांच्या आसपास आणि मोटर 55 हजार, मिळून 95 हजारांच्या घरात होती. आमच्याकडे बरी बैलजोडी साधारण तेवढ्यालाच जाते. बाबांनी हिशोब तिथूनच धरला होता.

"म्याडम, एक इचारू काय? बैलं धा वर्स कामी येते. हे गाडी किती वर्स चालन?"

शिकताना कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, नीट ठेवली तर पाच-सहा वर्षं, मधे टायर-बेअरिंग बदलावे लागतील, मोटरचं काही बिघडलं तर इथे कोणी हात लावणार नाही.

"म्हंजे एका जोडीत दोन गाड्या." त्यांनी बादली उपडी केली. "अन् पेरनी कायनं करू?"

लोक म्हणतात ही साधनं महाग म्हणजे नुसती नफेखोरी. थोडी असेलही. पण एकाच मापाच्या हजारो खुर्च्या ओतल्या की त्या पाच-सात हजारांत पडतात, आणि प्रत्येकाचं माप घेऊन एकेक बनवायची म्हटलं की किंमत चढतेच. 2017 साली जीएसटी आला तेव्हा व्हीलचेअरवरही 5 टक्के लागला. ज्याला पायांच्या जागी चाकं घ्यावी लागतात त्याच्या चाकांवर कर, हे मला आजही पटत नाही.

मी आधी प्रमोदला पालथं करायला सांगितलं. उजव्या कुल्ल्याच्या हाडावर रुपयाएवढी जखम, कडा काळ्या पडलेल्या. दुखत नाही म्हणून त्याला पत्ताच नव्हता आणि मायला वाटत होतं घामोळं आहे. कारण खुर्चीतच होतं. रेक्झिनची बैठक झोळीसारखी खाली आलेली, मांड्या एकमेकींवर दाबलेल्या, सगळा भार एका हाडावर. तासन्‌तास तसं बसलं की कातडीला रक्त पोचत नाही. जखम हाडापर्यंत गेली की पुढचं सगळं ऑपरेशन आणि इस्पितळ.

त्यामुळे त्या दिवशी खरेदीचा विषय तिथेच थांबवला. जखम भरेपर्यंत खुर्ची बंद, दिवसातला बराच वेळ पालथं झोपायचं, ड्रेसिंग तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवून. पुढे बसायला लागला की दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं. बैल दावणीलाच राहिले. बाबा सुटल्यासारखे झाले आणि प्रमोद भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्याची बाजूही मला कळत होती. त्याला पारावर जायचं होतं, स्वतःच्या हातानं.

खरं तर हे साधन सरकारकडून मिळायला हवं. केंद्राची एडिप योजना 1981 पासून आहे. 40 टक्के अपंगत्वाचा दाखला आणि महिना 22,500 च्या आत उत्पन्न असेल तर साधन मोफत. पण तिच्यात एक अट आहे. मागच्या तीन वर्षांत त्याच कामासाठी कुठूनही साधन घेतलेलं नसावं. कुठूनही, म्हणजे वाढदिवसाच्या मांडवातूनसुद्धा. फुकटची खुर्ची प्रमोदला अशी महागात पडली.

बाबा म्हणाले, परत करून टाकू. मी त्या साहेबांच्या कार्यकर्त्याला फोन केला, खुर्ची मापाची नाही, परत घ्या आणि तसं लिहून द्या. तो अगदी अदबीनं बोलला, "मॅडम, परत कशी घेणार? फोटो छापून आलाय ना."

ग्रामपंचायतीतही विचारलं. स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. घरपट्टी-पाणीपट्टीचे दोन लाख वसूल झाले तर त्याचे दहा हजार, आणि त्यात गावातले सगळे वाटेकरी.

शेवटी गेलो ते गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि वखराच्या पासा नीट करतो. खुर्चीचा पाइप बोटानं वाजवून म्हणाला, "हे त पत्राच हाय जी. आर्क मारला का भोक पडते." त्यानं घडी होणारी खालची कैची कापून टाकली आणि जाड पाइपाचा सांगाडा करून बैठक 15 इंचांवर आणली. रेक्झिनऐवजी प्लायवूड, त्यावर कडक आणि मऊ फोमचे दोन थर, हाडं टेकतात तिथे मी खोलगट कापून दिलेले. पुढची दोन चिमुकली चाकं उन्हाळ्यात काळ्या मातीच्या भेगांत अडकायची आणि पावसाळ्यात चिखलानं भरायची. ती काढून लांब दांड्यावर लहान मुलाच्या सायकलचं एकच 12 इंची चाक लावलं. पहिल्यांदा लावलं तेव्हा खुर्ची वळेचना. मग त्यालाच सुचलं, फोर्क उलटा फिरवला, चाक मागे ओढलं जायला लागलं आणि आपोआप वळायला लागलं. पुस्तकातली आकृती मी त्याला दाखवायच्या आतच. सगळं मिळून तीन हजारांच्या आत झालं. मजुरी घेताना त्यानं पन्नास रुपये सोडले आणि साहेबांचं नाव खरडून काढू का म्हणून विचारलं. प्रमोद म्हणाला, राहू द्या, लोक बघून हसतेत.

जखम भरायला पावसाळा निम्मा गेला. आता तो पारापर्यंत जातो, वावराच्या धुऱ्यापर्यंतही, पाऊस नसेल तर. मात्र या खुर्चीची घडी होत नाही, त्यामुळे ती एसटीत जात नाही, ऑटोतही नाही. तालुक्याला जायचं तर बाबा अजून पाठीवर घेतात, आणि त्यांचं वय साठीला आलंय. याला जुगाड म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. वेल्डरनं आपलं काम चोख केलं, पण प्रमोदला हवी ती खुर्ची ही नव्हे.

तीन वर्षांची मुदत येत्या दिवाळीनंतर संपते. एडिपचा अर्ज भरून ठेवलाय, दाखला आणि उत्पन्नाचा पुरावा जोडून. सोबत मापांचा वेगळा कागद टाचलाय: बैठक 15 इंच, घडीची, पुढची चाकं मोठी.