आधी टायर

दादा पुण्याहून सुट्टीला आला की बॅगेत धुवायचे कपडे आणि एखादी सीडी हमखास असायची. २००२ च्या मे महिन्यातल्या सीडीवर मार्करने नुसतं ‘गेम्स’ लिहिलं होतं. आत एम्युलेटर, म्हणजे गेमच्या यंत्राची कॉम्प्युटरवर नक्कल करणारा प्रोग्राम, आणि सुपर निन्टेन्डो या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राचे पन्नासेक गेम. चोरीचेच, दुसरं काय! साताऱ्यात आम्ही पिवळ्या कॅसेटवाला, टीव्हीला जोडायचा गेम तेवढा पाहिला होता. खरा सुपर निन्टेन्डो कसा दिसतो तेही ठाऊक नव्हतं. त्या पन्नासांतला एकच गेम आम्ही पुढची दोन वर्षं खेळलो: रॉक अँड रोल रेसिंग.

१९९३ चा गेम. सिलिकॉन अँड सिनॅप्स नावाच्या अमेरिकन कंपनीने केलेला. वॉरक्राफ्ट आणि डायब्लो हे गेम काढणारी ब्लिझर्ड ती हीच, नाव नंतर बदललं. रस्ता वरून, तिरका दिसतो. चार गाड्या, चार फेऱ्या. पुढच्याला मिसाइल मारायचं, मागच्यासाठी सुरुंग टाकायचा, वाटेत पडलेले पैसे गोळा करायचे. फेरी पूर्ण झाली की दारूगोळा आपोआप भरतो, त्यामुळे जपून ठेवण्यात काही अर्थ नसतो. हे कळायला मला आठवडा लागला. दिवाळीचे फटाके तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवायची सवय, दुसरं काय.

पण माझ्या मते खरा खेळ रस्त्यावर नाहीच, तो दोन शर्यतींच्या मधल्या दुकानात आहे. जिंकलेल्या पैशांत इंजिन घ्यायचं, टायर, शॉक अब्सॉर्बर की चिलखत? सगळं एकदम परवडत नाही. शिवाय नवी गाडी घेतली की जुनीवर केलेला खर्च पाण्यात. दादा डोळे झाकून इंजिन घ्यायचा. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. एकदा चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले, दादाची गाडी तिसऱ्यांदा भिंतीवर आपटलेली पाहिली आणि म्हणाले, “टायर गुळगुळीत असताना इंजिन मोठं करून काय करणार आहेस रे?” गेमबद्दल बाबा आजवर बोलले ते एवढं एकच वाक्य. मी त्याच दिवसापासून आधी टायर घ्यायला लागले. सरळ रस्त्यावर दादा पुढे जायचा, वळणावर मी त्याला गाठायची. नंतर गेममध्ये शर्यतींसाठी एनएचओ हा बर्फाचा ग्रह आला. तिथे तर त्याची गाडी साबण लावल्यासारखी घसरायची आणि मी निवांत पैसे वेचत जायची.

भांडणं झाली ती मात्र कीबोर्डवरून. दोघांत एकच कीबोर्ड; डावी बाजू माझी, बाण आणि आकडे दादाचे. मी वळत असताना नेमकं त्याने मिसाइल सोडलं की माझी गाडी वळायचीच नाही, थेट कठड्यावर. तो मुद्दाम काहीतरी करतो असं मी आईला जाऊन सांगितलं होतं, रडत. कारण पुष्कळ वर्षांनी कळलं. स्वस्तातल्या कीबोर्डमध्ये बटणांच्या तारा आडव्या-उभ्या जाळीत असतात, आणि ठरावीक तीन बटणं एकदम दाबली की तिसरं पोचतच नाही. तेव्हा आम्ही बटणं बदलून बदलून भांडण होणार नाही अशी जोडी शोधली आणि त्यांच्यावर आईच्या टिकल्या चिकटवल्या.

पुढे जायचं तर पासवर्ड लिहून ठेवावा लागे. एम्युलेटरमध्ये हवं तिथे सेव्ह करता यायचं, पण दादाच्या मते ती चीटिंग. मग पासवर्ड कुठे लिहायचा? कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी. महिना संपला, आईने पान फाडून फडताळात अंथरलं, वर डबे ठेवले. सगळे डबे उतरवून पान सापडलं तर एका अक्षरावर तेलाचा डाग. बी की आठ, हे ठरवता ठरवता संध्याकाळ गेली.

गेममधला समालोचक लॅरी हफमन काय ओरडतो ते आम्हाला निम्मंही कळायचं नाही, पण नक्कल दोघंही करायचो. संगीताचं तर त्याहून भारी. २००९ मध्ये ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या गाडीत डीप पर्पल या रॉक बँडचं ‘हायवे स्टार’ लागलं आणि मी किंचाळले, “अगं, हे तर आमच्या गेमचं म्युझिक!” तिने गाडी बाजूला घेतली नाही एवढंच. गाणं १९७२ चं, सुपर निन्टेन्डोच्या चिपवर शब्दांशिवाय बसवलेलं, आणि मी ते आयुष्यभर शर्यतीचं पार्श्वसंगीत समजत होते.

२०२१ मध्ये ब्लिझर्डने जुन्या गेमचा संच काढला, त्यात हा आहे, आणि आता चौघांना एकत्र खेळता येतो. यावेळी पैसे भरून घेतला. दिवाळीत साताऱ्याला दादा, मी आणि माझा नऊ वर्षांचा भाचा असे तिघे तीन कंट्रोलर घेऊन बसलो. टिकल्यांची गरज नाही. पहिली शर्यत झाली, दुकान उघडलं, भाच्याने क्षणाचाही विचार न करता इंजिन घेतलं.

बाबा मागे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. मी तोंड उघडणार इतक्यात दादाने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.