बाई, ते विचारलं नव्हतं

दुसरीचा वर्ग, पट ३६. गेल्या वर्षी शाळेत बारा टॅब आले आणि त्यात वाचन तपासणारं एक ॲप आलं. मूल उतारा वाचतं, ॲप ऐकतं, मिनिट संपलं की आकडा देतं आणि त्या आकड्याप्रमाणे नावापुढे लाल, पिवळा नाहीतर हिरवा ठिपका पडतो. मी खूश होते, अगदी खरं सांगते, कारण त्याआधी हेच काम मी एका हातात घड्याळ आणि मांडीवर वही घेऊन करायचे, एकेकाला जवळ बोलवायचं, तोवर बाकीच्या ३५ जणांनी काय करायचं हा प्रश्न ज्याने वर्ग सांभाळलाय त्यालाच कळेल, आणि ते सगळं संपेपर्यंत आठ दिवस गेलेले असायचे. ॲपने दोन दिवसांत संपवलं.

पहिल्या फेरीचा निकाल आला तेव्हा एका मुलापुढे १४२ लिहिलं होतं. हा मुलगा वर्गात हजेरीला सुद्धा ओठातल्या ओठात 'हजर' म्हणतो! १४२ शब्द मिनिटाला म्हणजे मी घाईत असताना वाचते तेवढे. म्हणून मी ते रेकॉर्डिंग लावून बघितलं तर त्यात त्याचा आवाज जवळजवळ नाहीच, शेजारी बसलेली एक खणखणीत मुलगी तिचा उतारा वाचतेय आणि पलीकडचा अजून एक जण वाचतोय, माइकने सगळ्यांचं मिळून याच्या खात्यावर जमा केलं. हसले मी भरपूर. पण मग वाटलं, एक असं निघालं तर बाकीचे ३५ पण ऐकायला हवेत की.

आणि इथून पुढची गंमत सुरू झाली.

मुलांची नावं मी लिहिणार नाही, दोघांबद्दल सांगते, एक पहिल्या बाकावरचा आणि एक खिडकीजवळची. पहिल्या बाकावरच्याला ९४ आणि हिरवा ठिपका. खिडकीजवळचीला ३१ आणि लाल.

पहिल्या बाकावरच्याचं रेकॉर्डिंग म्हणजे सुटलेली गाडी. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, काही काही आडवं येत नाही. श्वास घ्यायला थांबतो तेवढाच, तेही शब्दाच्या मधेच. चुका जवळपास नाहीत बरं का. दुसऱ्या दिवशी मी त्याला सहज विचारलं, काय रे, काय होती गोष्ट? तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, ते विचारलं नव्हतं."

बरोबर होतं त्याचं! विचारलंच नव्हतं कोणी. स्क्रीनच्या कोपऱ्यात साठपासून उलटं मोजणारं घड्याळ होतं आणि त्याला जे समजायचं ते समजलं होतं.

आता खिडकीजवळची. तिचं रेकॉर्डिंग मी तीनदा ऐकलं. उताऱ्यात 'पाणी' होतं, ती 'पानी' म्हणाली. 'कोण' होतं, ती 'कोन' म्हणाली. तिच्या घरी असंच बोलतात, ती तसंच बोलते, अक्षर तिने बरोबर ओळखलंय, तिच्या तोंडात त्या अक्षराचा आवाजच तो आहे. ॲपने प्रत्येक ठिकाणी फुली मारली. एका ठिकाणी 'विचारलं'च्या जागी ती 'विसरलं' म्हणाली, पुढचे दोन शब्द वाचले, थांबली, "नाही नाही" असं स्वतःशीच म्हणाली, मागे आली आणि नीट वाचलं. ॲपने 'विसरलं' चूक धरलं, "नाही नाही" हे दोन जास्तीचे शब्द म्हणून चूक धरले आणि मागे येण्यात गेलेले सेकंद गेले ते गेलेच. मला विचाराल तर अख्ख्या वर्गाच्या रेकॉर्डिंगमधली सगळ्यात भारी जागा ती होती. वाचताना अर्थ लागत नाहीये हे कळणं आणि कोणी न सांगता मागे येणं, हे जमावं म्हणून तर आपण वर्षभर घसा कोरडा करतो.

तर मी जरा खोलात गेले. हा एका मिनिटाचा प्रकार ॲपवाल्यांच्या डोक्यातून आलेला नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात स्टॅन्ली डेनो नावाचे प्राध्यापक होते, विशेष शिक्षणातले, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटापासून हे बसवलं. कल्पना अशी की शिक्षकाला आपलं शिकवणं लागू पडतंय का हे पटकन आणि वारंवार तपासता यावं, म्हणून वर्गात चालू असलेल्याच पातळीचा उतारा, एक मिनिट, बरोबर वाचलेले शब्द मोजा. तापमापकासारखं. तापमापक ताप आहे एवढं सांगतो, कशाचा आहे ते बघायला डॉक्टर लागतो.

आणि या चाचण्यांचे जे जुने कागदावरचे नियम आहेत ना, ते वाचून मला ॲपचा अजूनच राग आला. मूल अडलं तर तीन सेकंद थांबायचं आणि मग शब्द सांगून पुढे न्यायचं. तीन सेकंदांच्या आत स्वतःहून दुरुस्त केलं तर बरोबर धरायचं. बोलीमुळे उच्चार वेगळा आला तर चूक धरायची नाही. म्हणजे माणसं हातात पेन्सिल घेऊन बसायची तेव्हा हे सगळं लिहून ठेवलेलं होतं, मशीनमध्ये घालताना कुठेतरी सांडलं. मशीनला वेगळी बोली जड जाते हे काही माझ्याच वर्गातलं निरीक्षण नाही म्हणा, २०२० मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, पाच मोठ्या कंपन्यांच्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणा तपासल्या तर गोऱ्या माणसांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका आणि कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. ती तर मोठी माणसं होती. इथे सात वर्षांची मुलं, पुढचे दोन दात पडलेली.

स्टाफरूममध्ये अजून एक प्रकार झाला. आमच्या एका मॅडमनी नेटवरून एक तक्ता छापून आणला, हॅसब्रूक आणि टिंडल या अमेरिकन संशोधकांचा, मुलं मिनिटाला किती शब्द वाचतात त्याचा, २०१७चा, बराच प्रसिद्ध आहे. त्यात दुसरीच्या मुलांचा वर्षअखेरचा मधला आकडा आहे मिनिटाला १००. लगेच चर्चा सुरू, आपली मुलं किती मागे! अहो पण तो तक्ता इंग्रजी वाचणाऱ्या मुलांचा. मी फळ्यावर लिहिलं, 'घरासमोरच्या झाडाखालून'. मराठीत दोन शब्द. हेच इंग्रजीत सांगायला नऊ शब्द लागतात, मोजून बघा. आपल्याकडे विभक्ती, शब्दयोगी अव्यय सगळं शब्दाच्या शेपटीला चिकटतं, त्यामुळे आपला एक शब्द म्हणजे आगगाडी असते आणि त्यांचा एकेक डबा सुटा मोजतात. त्यांचे १०० आणि आपले १०० एकच कसे होतील. मॅडम म्हणाल्या, मग आपला आकडा किती धरायचा? मी म्हटलं, आधी पोरगं काय वाचतंय ते ऐकू, आकडा कुठे पळून जात नाही.

गावोगावी घरी जाऊन मुलांचं वाचन तपासणारं 'असर' नावाचं सर्वेक्षण आहे, त्याचा कागद मला या बाबतीत आवडतो. २००५ पासून चालू आहे, घड्याळच नाही त्यात. आधी छोटा परिच्छेद द्यायचा, जमला तर गोष्ट द्यायची, नाही जमला तर शब्दांवर यायचं, तेही नाही तर अक्षरांवर. ऐकणाऱ्याने बघायचं की मूल वाक्य वाचल्यासारखं वाचतंय की सुटे शब्द टाकतंय. त्यातून वर्गात रोज काय शिकवायचं ते कळत नाही, ते कामही नाही त्याचं, पण ऐकायला लावतो तो कागद.

मग मी ॲप बंद केलं का? नाही! बंद करायला वेडी आहे का मी, रेकॉर्डिंग होतंय ना त्यात. आधी मूल वाचायचं आणि आवाज हवेत जायचा, मी तेवढ्यात लिहीन ते खरं. आता तो आवाज माझ्याकडे आहे, रात्री निवांत ऐकू शकते, दोनदा ऐकू शकते. रोज पाचच ऐकायचे असं ठरवलं. न्यूझीलंडच्या शिक्षणतज्ज्ञ मारी क्ले यांनी वाचनाची नोंद ठेवायची एक पद्धत दिलीय, बरोबर शब्दाला टिक, चुकला तर मूल काय म्हणालं ते लिहायचं, स्वतः सुधारलं तर त्याची वेगळी खूण. त्यांनी त्या नोंदींवरून काढलेले सगळे निष्कर्ष मला पटत नाहीत, चित्र बघून किंवा अंदाजाने शब्द ओळखणं याला त्यांच्याकडे फारच मान आहे, पण नोंद ठेवायची रीत एक नंबर. मी सुधारलेल्याला 'सु' लिहिते, एवढंच.

आणि दुसऱ्याच आठवड्यात घबाड सापडलं.

नऊ मुलं. काही पिवळी, दोन लाल, एक तर चक्क हिरवा. नवांचीही चूक एकच, रफार. 'गर्दी'ला 'गद्री', 'पर्वत'ला 'पव्रत', 'सूर्य'ला कोणी 'सूय' कोणी 'सूय्र'. विचार केला तर पोरांचं काय चुकलं, तो 'र' बोलायचा आधी आणि बसलाय पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, डोळा डावीकडून उजवीकडे जाताना आधी 'ग' भेटतो, मग 'दी', आणि त्या 'दी'वर टोपी दिसते, मग टोपी 'दी'च्या बरोबरच वाचणार ना! पहिल्या वेलांटीचंही तसंच, लिहायची अक्षराच्या आधी आणि बोलायची नंतर, पण ती पहिलीतच हजार वेळा घोटली जाते म्हणून सुटून जाते. रफार कमी भेटतो. ॲपच्या डॅशबोर्डवर, म्हणजे सगळ्यांचे निकाल एकत्र दिसतात त्या पानावर, ही नऊ मुलं तीन रंगांत वाटली गेली होती, त्यांना एकत्र बसवायला हवं हे तिथे कुठेच दिसत नव्हतं.

मग प्रोजेक्टर काढला, जो एरवी दिन साजरे करायलाच निघतो. भिंतीवर 'गर्दी' एवढं मोठं टाकलं की रफार पोरांच्या हाताएवढा झाला. एकेकाने यायचं, भिंतीवरच्या रफारावर बोट ठेवायचं, बोट सरकवत 'ग' आणि 'दी'च्या मधे आणायचं आणि तिथे 'र्' म्हणायचं. सावल्या पडत होत्या, ढकलाढकली चालू होती, एक जण म्हणाला बाई हा र वर का चढलाय, दुसरा म्हणाला खाली जागा नव्हती म्हणून. रोज दहा मिनिटं, आठ दिवस. नवातले सात आता नीट वाचतात.

पहिल्या बाकावरच्याचं मात्र वेगळं होतं. गफ आणि टनमर या संशोधकांचं १९८६चं एक सोपं सूत्र आहे, अक्षरावरून शब्द उलगडता येणं गुणिले भाषा समजणं बरोबर वाचून कळणं. गुणाकार आहे, बेरीज नाही, म्हणजे एक शून्य तर सगळंच शून्य. याच्या तर दोन्ही बाजू भक्कम, तीच गोष्ट मी वाचून दाखवली तर त्याने शेपटासकट परत सांगितली. सूत्राप्रमाणे त्याला कळायला हवं होतं. मी काय केलं, स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर स्टिकर चिकटवला, वहीवर नाव घालायला असतो तो. आणि त्याला त्याचंच आधीचं रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकवलं. अर्ध्यातच हेडफोन काढून म्हणतो, "बाई, हा थांबतच नाही." हा म्हणजे तो स्वतः.

तेव्हापासून आम्ही एकच उतारा चार वेळा वाचतो आणि पहिलं आणि चौथं ऐकतो. ही पण जुनीच युक्ती आहे, एस. जे. सॅम्युएल्स या अमेरिकन संशोधकांनी १९७९ मध्ये लिहून ठेवलेली, फक्त तेव्हा हातात टॅब नव्हते. चौथ्या वेळी तो संवादात आवाज बदलायला लागलाय. त्याचा आकडा ९४ वरून ७८ वर आला, डॅशबोर्ड खाली जाणारा बाण दाखवतो, आणि हेडसरांनी बोलावून विचारलं की हुशार मुलगा घसरतोय का. मी मोबाईलवर दोन्ही रेकॉर्डिंग ऐकवली. ते काही बोलले नाहीत, दुसरं परत लावा म्हणाले.

गोष्टीखाली चार पर्यायांचे प्रश्न येतात त्याबद्दल फार लिहीत नाही, माझ्या वर्गातल्या एकीने शोध लावलाय की सगळ्यात लांब पर्याय बहुतेक वेळा बरोबर असतो आणि ती ते सगळ्यांना सांगत फिरते. मी आता तोंडीच विचारते, काय झालं सांग.

खिडकीजवळची अजून लालच आहे, ३१ वरून ४४. 'पानी'च्या फुल्या मी हाताने काढते, तशी सोय ॲपमध्ये आहे पण सहा ठिकाणी दाबावं लागतं. परवाच्या रेकॉर्डिंगमध्ये ती मधेच थांबली आणि टॅबला म्हणाली, "थांब हं, हे मला परत वाचू दे." मग परत वाचलं, हळू, आणि हसली, कारण तिथे खरंच हसण्यासारखं होतं. मिनिट संपलेलं होतं तरी तिने गोष्ट शेवटपर्यंत वाचली, ॲपने ते मोजलं नाही, पण रेकॉर्ड मात्र केलं.