तेराव्याचा फोटो

मी मावशी म्हणून काम करते त्या वृद्धाश्रमात आज आमच्या एका आजींच्या तेराव्याचं जेवण झालं. त्यांच्या मुलाने तिकडूनच पैसे पाठवले होते. जिलबी, मसालेभात, मठ्ठा. जेवण देणाऱ्याला ऑफिसातून फोटो जातो, तसा आजही गेला. त्यात मी आहे. हातात जिलबीचं ताट, मागे फळ्यावर 'कै.' लावून आजींचं नाव, आणि मी चक्क दात काढून हसतेय.

दुपारपासून तेच डोक्यात. तेराव्याला असं कोण हसतं?

मग वाटतं, मला कुठे सुतक होतं. त्या गेल्या तेव्हा रात्रपाळी माझीच. डॉक्टरांनी तपासून वेळ लिहिली, सिस्टरनी नाकातली नळी काढली, मी अंग पुसलं, हनुवटीला पट्टी बांधली. सकाळी घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं, झोपले, रात्री परत ड्यूटी. कॉटवरची हवेची गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली. रडले नाही. रडणार कुणापुढे? घरचे म्हणतात, तुमच्याकडे हे चालायचंच. चालायचंच, खरंय. पण म्हणून हसायचं?

दर दोन तासांनी कूस बदलायची, तक्त्यावर सही करायची. माकडहाडाजवळची जखम भरत आली होती. ती पुरती भरायच्या आधी गेल्या, याचंच मला जास्त वाईट वाटतं. कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. नळीतून पेज सोडताना पाठ उंच ठेवायची, नंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. तो अर्धा तास मी शेजारी बसून घरचं सगळं बोलायचे. कळत होतं की नाही देव जाणे. सासूबाईंचं ते प्रकरण तर… जाऊ दे.

जिलबी त्यांना आवडायची का, तेही मला माहीत नाही. आल्या त्या नळी घेऊनच.

फोटो बघून मुलाने ऑफिसला विचारलं म्हणे, 'या कोण?' व्हिडिओ कॉलला मोबाईल मीच धरायचे. म्हणजे त्याला आजी दिसायच्या, मागची भिंत दिसायची, फार तर माझा अंगठा. त्याचा काय दोष? तरी लागलं. स्वयंपाकघरात जाऊन पातेली घासत बसले, जे माझं कामच नाही. ताई म्हणाल्या, पोचे पाडशील.

आता जरा शांतपणे आठवतेय. हसले ते खिडकीजवळच्या काकांमुळे. त्यांना शुगर, सिस्टरच्या यादीत त्यांच्यापुढे एकच जिलबी. ती संपवून ताट पुढे केलं आणि म्हणाले, "मावशी, माझ्या तेराव्याला मी नसणार. माझ्या वाटची आत्ताच वाढा." सगळी पंगत हसली. सिस्टरसुद्धा. नेमका तेव्हाच फोटो निघाला.

एरवी गोडाची आम्हाला धास्तीच. पितृपक्षात एकेका दिवशी दोन-दोन जेवणांचे फोन येतात, खीर, वडे, परत खीर. तिकडे पितर तृप्त होतात, इकडे इन्सुलिनचे युनिट वाढतात. ऑफिसवाले कुणाला नाही म्हणत नाहीत, सांभाळायचं आम्ही. मागे एकदा सिस्टरनी धान्य द्या म्हणून सुचवलं होतं. पण धान्याच्या पोत्याचा फोटो काय येणार?

काकांना शेवटी अर्धी तोडून वाढली, सिस्टरनीच खूण केली म्हणून. उद्या उपाशीपोटी आकडा किती येतो बघू.

त्या कॉटवर उद्या नवीन आजी येतायत. चालतात, हाताने जेवतात. फक्त फार बोलतात, असं सुनेने फोनवर आधीच बजावून ठेवलंय. झालं. आता माझ्या घरचं मी सांगू कुणाला?